मच्छेतल्या छोट्या मशीन शॉपने लष्करी पुरवठ्यात उतरावं का?

प्रश्न विचारणारे तरुण कारखानदार बेळगावजवळच्या मच्छेचे आहेत. दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारी लेथ), एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आणि नऊ माणसं एवढा पसारा. गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क कमी झालंय. सरकार आता लष्करी सामान खासगी कंपन्यांकडून घेतंय असं ते रोज वाचतात. बँक १ कोटी ४० लाखांच्या फाइव्ह-ॲक्सिस मशीनला, म्हणजे पाच अक्षांवर फिरून अवघड आकार कोरणाऱ्या मशीनला, कर्ज द्यायला तयार आहे. एक गृहस्थ ३ लाखांत ‘मोठ्या सरकारी कंपनीत व्हेंडर नोंदणी करून देतो’ म्हणून मागे लागलेत. त्यांनी विचारलंय, उतरू का?

उतरा. पण मशीन आत्ता घेऊ नका, आणि त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. मी १९९८ पासून उद्यमबागेत याच कामात आहे. सुरुवातीला दुसऱ्याच्या शॉपमध्ये तपासनीस होतो, नंतर स्वतःचं शॉप टाकलं. ज्या चुकांनी माझी वर्षं गेली, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लांबण लावतोय.

पहिल्यांदा पैसा कुठून कुठे वाहतो ते पाहा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये आहेत. त्यातले १ लाख ८० हजार कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे नवी विमानं, तोफा, जहाजं यांचे. आकडा वाचून छाती भरून येते. पण तो पैसा थेट मच्छेला येत नाही. तेजस मार्क-१ए चं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये हवाई दलासाठी संरक्षण मंत्रालयाने एचएएलला (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीला) ८३ विमानांची सुमारे ४८ हजार कोटींची ऑर्डर दिली. एचएएलने सांगाड्याचे मोठे भाग खासगी कंपन्यांना वाटून दिले. पुढचं धड बेंगळुरूच्या डायनामेटिककडे, मधलं हैदराबादच्या व्हीईएमकडे, पंख कोइमतूरला एल अँड टीकडे. या कंपन्या ब्रॅकेट, बुश, फिटिंग खालच्या मशीन शॉपकडून करून घेतात, आणि ते शॉप ताण आला की आणखी खालच्याला देतं. तुम्ही उतराल ते या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. त्यात कमीपणा काही नाही, मीही तिथूनच सुरू केलं. फक्त एवढं ओळखून असा की तुमचा ग्राहक भारत सरकार नाही, तुमच्या वरच्या पायरीवरचा कारखानदार आहे. त्याची तब्येत बिघडली की तुमचीही बिघडते.

त्याच ऑर्डरीचा पुढचा भागही बघा. विमानं मार्च २०२४ पासून यायची होती. इंजिन अमेरिकेच्या जीईचं, एफ-४०४. ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांचा करार झाला आणि त्यातलं पहिलं इंजिन हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. एक इंजिन अडकलं की विमान अडकतं, आणि विमान अडकलं की खालच्यांचं वेळापत्रक पुढे सरकतं. ज्याचा बुश तयार होऊन तेल लावून रॅकवर ठेवलाय, त्याचा काही दोष नसतो, पण त्याचा माल रॅकवरच राहतो. गाड्यांच्या धंद्यात पुढच्या महिन्याचं शेड्यूल दर महिन्याला येतं, थोडं वर-खाली होतं. इथे सहा महिने शुकशुकाट आणि मग ‘तीन आठवड्यांत सगळं द्या’ असा निरोप. हे ज्याला झेपत नाही त्याने फिरकू नये.

आता खरा मुद्दा. गाडीच्या कंपनीला तुम्ही भाग विकता. लष्करी कामात तुम्ही भागाचा जन्मदाखला विकता, आणि त्याच्यासोबत भाग जातो.

२००९ साली मला ३४० स्लीव्हची, म्हणजे नळीसारख्या भागांची, ऑर्डर मिळाली होती. मटेरियल ईएन-२४ पोलाद, ४० मिलिमीटरचे बार, दोन वेगवेगळ्या हीटचे, म्हणजे पोलाद वितळवलेल्या दोन वेगळ्या घाणांचे. बार आणताना प्रत्येकाच्या एका टोकाला हीट नंबर पंच केलेला होता आणि रंगाचा पट्टा होता, एका हीटला पिवळा, दुसरीला निळा. बँडसॉवर आमचा हेल्पर बार कापायला बसला आणि त्याने सुरुवात पंच केलेल्या टोकाकडून केली. पहिलाच तुकडा कापला तसा नंबर त्या तुकड्याबरोबर गेला. उरलेला बार मुका झाला. संध्याकाळपर्यंत दोन्ही हीटचे तुकडे एकाच ट्रेमध्ये. ऑपरेटर म्हणाला, “सगळं सेमच आहे की ओ मालक, दोन्ही ईएन-२४ च आहे.” मलाही तेव्हा तसंच वाटलं. माप सगळं बरोबर आलं, हार्डनेस बरोबर आला.

ग्राहकाकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी माप घेतलंच नाही. एक स्लीव्ह उचलून विचारलं, ही कुठल्या हीटची? मी दोन्ही टीसी, म्हणजे मटेरियलची टेस्ट सर्टिफिकेटं, पुढे केली. ते म्हणाले, या दोनपैकी कुठली? मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, लॅबला पाठवू, केमिकल करून घेऊ. मग ते शांतपणे म्हणाले की पाच वर्षांनी यातला एक भाग कुठेतरी तुटला आणि त्या हीटमध्ये दोष निघाला, तर त्याच हीटचे बाकीचे भाग कुठल्या गाड्यांत बसलेत ते तुम्ही आम्हाला सांगाल का? एकेक गाडी उघडून बघायची का? ३४० च्या ३४० नग नाकारले गेले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आज तपासायला मी असतो तर मीही तेच केलं असतं.

बेळगावात राहून हे आपल्याला कुणी समजावायला नको. १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र इथे आहे. येळ्ळूर, कडोली, कंग्राळी, खानापूरकडची गावं, घरटी कुणीतरी फौजेत गेलेला आहे. माझ्या शॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या एका पोराचा थोरला भाऊ सियाचीनला राहून आला. त्या वर्षी नाकारलेले स्लीव्ह मी भंगारात टाकले तेव्हा त्या पोराला बोलावून का टाकतोय ते सांगितलं. त्यानंतर आमच्याकडे बार नेहमी बिनपंचाच्या टोकाकडून कापला जातो, आणि तुकडा वेगळा करायच्या आधी त्यावर नंबर उतरवला जातो.

तेव्हा तुमची पहिली गुंतवणूक ही असू द्या: मटेरियलला कुलूप लावता येईल अशी वेगळी जाळी, पंचांचा संच, प्रत्येक लॉटबरोबर फिरणारं रूट कार्ड, आणि नाकारलेल्या मालाला लाल रंगाची बंद पेटी. लाख-दीड लाखात होतं. रूट कार्डवर कुणी कापलं, कुणी फिरवलं, कुठल्या गेजने मोजलं, तारीख, सही एवढं असलं की झालं. गेज, मायक्रोमीटर, व्हर्नियर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबकडून कॅलिब्रेट करून, म्हणजे माप अचूक दाखवतात का ते तपासून, घ्या आणि प्रत्येकाला नंबर द्या. ऑडिटर येतो तेव्हा मशीनकडे बघायच्या आधी तो ऑपरेटरच्या हातातला मायक्रोमीटर मागतो आणि त्याच्यावरचा नंबर तुमच्या रजिस्टरशी जुळतो का ते पाहतो.

इथे आपल्या भागातली एक अडचण आहे. कामाच्या सूचना इंग्रजीत छापून मशीनपाशी लावतात, कारण ऑडिटरला त्या लागतात. खानापूरचा पोरगा मराठी वाचतो, बैलहोंगलचा कन्नड वाचतो, इंग्रजी दोघांनाही धड येत नाही, म्हणून तो कागद कुणीच वाचत नाही. मी सूचना मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहून घेतल्या, शेजारी फोटो लावले. ऑडिटरने हरकत घेतली नाही, उलट त्यानेच ऑपरेटरला विचारून खात्री करून घेतली. आमच्याकडच्या चुका ज्या दिवसापासून कमी झाल्या तो हा दिवस.

यानंतर येतो पहिला नग. विमानाच्या कामात त्याला एफएआय म्हणतात, फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन, आणि त्याचे फॉर्म एएस-९१०२ या मानकात ठरवून दिलेत. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक टिपेला फुग्यात नंबर द्यायचा आणि त्या नंबरासमोर प्रत्यक्ष आलेलं माप लिहायचं. साध्या दिसणाऱ्या ब्रॅकेटवर दीडशे फुगे निघतात. ‘सर्व कडा मारून घ्या’ ही टीपसुद्धा एक फुगा असते. पहिला एफएआय मंजूर व्हायला आम्हाला चार महिने लागले, आणि त्यात नव्वद टक्के दुरुस्त्या कागदाच्या होत्या. शिवाय तो कायमचा नसतो. दोन वर्षं तो भाग बनवला नाही, मशीन बदललं, काम एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवलं, तर पूर्ण किंवा निदान त्या बदलापुरता परत करावा लागतो. शेड बदलायचा विचार असेल तर तो आधी उरकून घ्या.

प्लेटिंग (धातूचा मुलामा) आणि हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) याबद्दल मी जरा आग्रहाने सांगतो, कारण धोका इथे सगळ्यात जास्त आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ईएन-२४ सारखं पोलाद हार्ड करून त्यावर झिंक किंवा कॅडमियम चढवलं की टाकीतला हायड्रोजन पोलादात शिरतो. भाग चकचकीत दिसतो, माप बरोबर असतं, हार्डनेस बरोबर असतो. ताण देऊन ठेवला की काही तासांनी, कधी काही आठवड्यांनी तो कुठलीही पूर्वसूचना न देता तडकतो. यावर उपाय ठरलेला आहे. प्लेटिंग झाल्यावर ठरावीक वेळेच्या आत, बहुतेक स्पेसिफिकेशनमध्ये चार तासांच्या आत, भाग भट्टीत घालून सुमारे १९० अंशांवर कित्येक तास ठेवायचे. गावातला प्लेटर तुमचे भाग शनिवारी संध्याकाळी टाकीतून काढेल आणि सोमवारी भट्टीत घालेल. त्याला यात काही चूक वाटणार नाही, कारण बोल्ट-नट करताना ते चालून गेलेलं असतं. म्हणून ड्रॉइंगवर ज्या प्रोसेसचं नाव असेल ती ग्राहकाने मंजूर केलेल्या ठिकाणीच करा, मग त्यासाठी माल बेंगळुरूला नि परत असा हजार किलोमीटर फिरवावा लागला तरी. ते भाडं कोटेशनमध्ये धरा. भट्टीचा चार्ट मागा, त्यावरची वेळ प्लेटिंगच्या वेळेशी ताडून पाहा. आपल्याकडे हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये फोर्जिंगपासून सरफेस ट्रीटमेंटपर्यंत एकाच आवारात आणलंय, ते याच त्रासाला उत्तर म्हणून. तिथलं काम बहुतांशी परदेशी प्रवासी विमानांचं आहे, पण तिथे काम करून आलेला एखादा क्वालिटीचा माणूस मिळाला तर चांगला पगार देऊन ठेवून घ्या. फाइव्ह-ॲक्सिसपेक्षा तो जास्त कामाचा.

पैशाचं गणित आता मांडतो, आकडे गोल आहेत. समजा १२ लाखांची ऑर्डर आली. ईएन-२४ किंवा ॲल्युमिनियम ७०७५ चा टीसीसह बार रोखीने घ्यावा लागतो, जुलैत ५ लाख गेले. टूल, फिक्स्चर, मजुरी, प्रोसेस मिळून आणखी ३ लाख. माल ऑक्टोबरात तयार, तपासणीची तारीख मिळते नोव्हेंबरात, डिस्पॅच डिसेंबरात, तिकडच्या स्टोअरमध्ये स्वीकृतीची नोंद जानेवारीत, पैसे मार्चमध्ये. म्हणजे ८ लाख आठ महिने अडकले. कॅश क्रेडिटचा दर ११ टक्के धरला तर व्याज ५८ हजारांच्या वर. शॉपचे बाकीचे नेहमीचे खर्च वजा जाता तुम्ही ८ टक्के नफा धरला असेल तर ९६ हजार. आणि माल सहा आठवडे उशिरा गेला असेल, तर दर आठवड्याला अर्धा टक्का या हिशेबाने ३ टक्के दंड, ३६ हजार. हातात उरतात तेराशे-चौदाशे रुपये. गाडीच्या पार्टच्या दराने कोटेशन भरणारे पुष्कळ जण दुसऱ्या वर्षी या कामातून बाहेर पडतात ते यामुळे. नगाचा दर काढताना आठ महिन्यांचं व्याज, पहिल्या नगाची तपासणी, टेस्ट पीस म्हणून फोडायचे नग आणि कागदपत्रांचा माणूस, हे सगळं त्यात धरा. ऑर्डर गेली तर जाऊ द्या.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो माहीत असू द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योगाची सरकारी नोंदणी, केलेली नसेल तर आज करा, ती फुकट होते, एजंट लागत नाही. एमएसएमई विकास कायदा २००६, कलम १५: खरेदीदाराने ठरल्या मुदतीत आणि कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांत पैसे द्यायचे. कलम १६: नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. मुदत मोजायची कधीपासून याबद्दल लोक फसतात. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असं कायदा मानतो. म्हणून चलनावर पोच-तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय ड्रायव्हरला परत फिरू देऊ नका. मी एकदा शिक्क्याशिवाय माल सोडला. एका मोठ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये तो अकरा आठवडे नोंद न होता पडून होता आणि माझ्याकडे तारीख सिद्ध करायला काही नव्हतं.

२०२४ मध्ये आयकरात कलम ४३बी(एच) आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. खासगी ग्राहकांवर याचा परिणाम मी स्वतः पाहिलाय, मार्चमध्ये फोन त्यांच्याकडून येतात. थकलेल्या पैशांची तक्रार घेऊन फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जायचा रस्ताही आहे. माझं मत विचाराल तर चालू ग्राहकाविरुद्ध तो शेवटचा मार्ग ठेवा. त्यापेक्षा ट्रेड्सवर, म्हणजे लघु उद्योगांच्या बिलांवर बँकांकडून आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, बिल चढवा. केंद्र सरकारच्या कंपन्यांना आणि २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली आहे. खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँक थोडं व्याज कापून तुम्हाला लगेच पैसे देते आणि वसुली त्याच्याकडून करते. पहिल्या भेटीतच ग्राहकाला विचारा, ट्रेड्सवर बिल स्वीकारता का. उत्तर देताना तो कसा चाचरतो, यावरून त्याची पैसे द्यायची सवय कळते.

थेट सरकारी कंपनीच्या किंवा लष्कराच्या टेंडरला जायचं म्हणाल, तर लघु उद्योगांसाठी सवलती खऱ्या आहेत. २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे केंद्रीय खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा. टेंडर फॉर्म फुकट, अनामत रक्कम माफ. तुमचा दर सगळ्यात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारा, लघु उद्योग नसेल, तर एल-वनच्या दराला उतरून ऑर्डरीतला काही हिस्सा तुम्हाला मिळू शकतो. काम मिळाल्यावरची बँक गॅरंटी मात्र द्यावी लागते, साधारण ३ ते ५ टक्के, आणि ती वॉरंटी संपेपर्यंत अडकते. पण लक्षात घ्या, या सवलती थेट टेंडरला आहेत. मधल्या खासगी कंपनीचे सब-व्हेंडर म्हणून काम घेताना त्या लागू नाहीत.

जागा कुठे शोधायची? संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल २०२० मध्ये सुरू झालं. परदेशातून आजवर आणलेले हजारो भाग, त्यांची वर्णनं आणि कुणाला हवेत ते तिथे टाकलेलं असतं. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास त्यात घालवा. तुमच्या मशीनवर बसतील असे १० भाग निवडा, मशीनवर होईल ते सगळं नको. २०२१ च्या १ ऑक्टोबरला जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, त्यातली म्युनिशन्स इंडिया पुण्याला आहे आणि यंत्र इंडिया नागपूरला. यंत्र इंडिया कास्टिंग, फोर्जिंग, मशीन केलेले भाग यात आहे, आणि आपल्याकडे उद्यमबाग-मच्छेत फाउंड्री आहेतच. तुमचा एखादा फाउंड्रीवाला मित्र असेल तर दोघं मिळून जा, तो कास्टिंग करेल आणि तुम्ही मशीनिंग. एकट्याने कास्टिंग विकत घेऊन भाग देण्यापेक्षा हे बळकट, कारण कास्टिंगमधलं छिद्र मशीनवर उघडं पडलं की तो आणि तुम्ही एकमेकांकडे बोट दाखवत बसत नाही. एचएएल, बीईएल, बीईएमएल या सरकारी संरक्षण कंपन्यांच्या व्हेंडर मेळाव्यांना जा. तिथे कॅटलॉग वाटत फिरू नका, तुम्ही बनवलेला एक अवघड नग आणि त्याचा तपासणी अहवाल घेऊन जा.

‘बेळगाव डिफेन्स कॉरिडॉरमध्ये येणार’ असं सांगून प्लॉट विकणारे भेटतात. देशात जाहीर झालेले डिफेन्स कॉरिडॉर दोनच, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडू. कर्नाटकाचं स्वतःचं एरोस्पेस आणि संरक्षण धोरण आहे आणि त्यात बेळगावचं नाव आहे, त्यातल्या सवलती जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन लेखी विचारा.

परवान्याबद्दल घाबरू नका. २०१४ मध्ये केंद्राने परवाना लागणाऱ्या संरक्षण वस्तूंची यादी ठरवून दिली. साधे सुटे भाग, कास्टिंग, फोर्जिंग त्यातून बाहेर आहेत. बंदुकीचा किंवा दारूगोळ्याचा भाग असेल तर शस्त्र कायदा लागतो, तेव्हा ड्रॉइंग हातात घ्यायच्या आधी विचारा. भाग परदेशी ग्राहकाला पाठवायचा असेल तर तो स्कोमेट यादीत, म्हणजे परवानगीशिवाय निर्यात करता न येणाऱ्या वस्तूंच्या यादीत, येतो का हे तपासल्याशिवाय पार्सल बांधू नका.

ड्रॉइंगच्या बाबतीत कडक राहा. आमच्याकडे ड्रॉइंग घेतल्याची सही, दिल्याची सही, जुनी आवृत्ती परत घेऊन फाडल्याची सही, असं रजिस्टर आहे. ड्रॉइंगचा फोटो काढून प्लेटरला व्हॉट्सॲप करायची जी सवय आपल्या सगळ्या औद्योगिक वसाहतीला आहे, ती इथे चालत नाही. मशीनसमोर उभं राहून व्हिडिओ काढणारी तरुण मुलं आहेत, त्यांना रागावू नका, बसवून समजावा. मागच्या ट्रेमधला भाग त्या व्हिडिओत दिसतो आणि तो भाग आपला नाही, देशाचा आहे. मी फोन ठेवायला दाराशी खणांची पेटी केली आणि पहिला फोन माझा ठेवला.

आता त्या ३ लाखांच्या गृहस्थाविषयी. व्हेंडर नोंदणी ऑनलाइन असते, फी नसते किंवा नाममात्र असते, आणि तुमचं शॉप बघायला माणूस येतोच. नोंदणी झाली म्हणजे ऑर्डर मिळाली असंही नसतं. १९८६ चा बोफोर्स तोफांचा करार सगळ्यांना आठवतो. तोफ चांगली निघाली, कारगिलला तिने काम केलं. पण मध्यस्थाच्या दलालीच्या आरोपांनी तोफांची खरेदीच पुढे कित्येक वर्षं गोठली. त्या काळापासून या क्षेत्रात मध्यस्थ हा शब्द फार जड आहे. तुमच्या नावाने कुणी कुणाला पैसे दिले असं निघालं तर काळ्या यादीत तुमचा कारखाना जातो, त्याचा फोन नंबर जात नाही. कागद नीट करून देणारा सल्लागार वेगळा, त्याला त्याच्या कामाची फी बिल घेऊन चेकने द्या. ‘आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. एएस-९१०० चं, म्हणजे विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, सर्टिफिकेट आठ दिवसांत देतो म्हणणारेही असेच. खरं सर्टिफिकेट ओएसिस नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत दिसतं, आणि ग्राहक ते तिथे शोधतो. आधी आयएसओ ९००१ मनापासून राबवा, एएस-९१०० ग्राहकाने मागितल्यावर.

फाइव्ह-ॲक्सिसचं गणितही करून देतो. १ कोटी ४० लाख, साडेदहा टक्के, सात वर्षं: महिन्याला सुमारे २ लाख ३६ हजारांचा हप्ता. ओळख, ऑडिट, नमुना, एफएआय, पहिली खरी ऑर्डर, यात माझ्या अनुभवाने वर्ष ते दीड वर्ष जातं. चौदा महिने धरले तरी ३३ लाख हप्ते भरून मशीन रिकामं. मग माणूस काय करतो? मशीन चालू ठेवायला मिळेल त्या दराला मिळेल ते काम घेतो, आणि ज्या शांत डोक्याने हे काम करायला हवं ते डोकंच राहत नाही. तुमच्या दोन सीएनसी आणि एका व्हीएमसीवर बुश, स्लीव्ह, स्पेसर, पिन, सरळ ब्रॅकेट एवढं भरपूर निघतं. व्हीएमसीला चौथा ॲक्सिस रोटरी टेबल बसवा, त्याच्या जोडीला माप घ्यायची चांगली सोय करा. वर्षभर ते चाललं आणि ग्राहकाने स्वतः ‘हा भाग फाइव्ह-ॲक्सिसवर देता का’ असं लेखी विचारलं, की तो कागद घेऊन बँकेत जा.

गाड्यांचं काम पूर्ण सोडू नका. महिन्याचा पगार त्यातूनच निघणार आहे. मी आजही चाळीस टक्के काम पंप आणि हायड्रॉलिक्सचं करतो, आणि कधीकाळी लष्करी काम सहा महिने थांबलं तेव्हा एकाही माणसाला घरी पाठवावं लागलं नाही.

या आठवड्यात करायचं म्हणाल तर एकच करा. तुमच्या शॉपमध्ये आज जो नग मशीनवर आहे तो उचला आणि त्याचा बार कुठून आला, कुठल्या हीटचा, कुणी कापला, कुणी मोजला हे कागदावरून दहा मिनिटांत काढता येतं का पाहा. येत असेल तर मला कळवा, मी स्वतः मच्छेला येऊन तुमचं शॉप बघतो. येत नसेल तर तिथून सुरू करा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तोच नग उचलून बघा.